जुन्या मसल कारचे दान : किंमत, कायदा आणि कागदपत्रे

धर्मादाय संस्थेला मोटार तीन हेतूंनी दिली जाते. संस्थेने ती वापरावी, जपावी, किंवा विकून आलेला पैसा कामाला लावावा. रुग्णवाहिका, शववाहिका, शाळेची बस ही पहिल्या हेतूची उदाहरणे. संग्रहालयाकडे गेलेली ऐतिहासिक गाडी दुसऱ्यात मोडते. साठ-सत्तरच्या दशकातील अमेरिकी मसल कार बहुतेक वेळा तिसऱ्या हेतूने दिली जाते. ती रोजच्या कामाची नसते, जपायला खर्चिक असते आणि विकताना मात्र तिची मोठी किंमत येऊ शकते. म्हणूनच तिचे दान साध्या जुन्या गाडीच्या दानापेक्षा वेगळे ठरते. गाडी किती मोलाची आहे यापेक्षा त्या मोलातले संस्थेच्या हाती किती पडते, यावर या दानाचे यश मोजावे लागते.

मसल कार म्हणजे कोणती गाडी

मध्यम आकाराची दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे, म्हणजे व्ही-८ इंजिन बसवायचे, ही मसल कारमागची कल्पना. या प्रकाराची सुरुवात सामान्यतः १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा त्या वेळी पाँटियाकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटियाकचे अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट लमान्स या गाडीचा ‘पर्याय’ म्हणून विकायला काढले आणि नियमातून वाट काढली. या पर्यायाची किंमत सुमारे २९६ डॉलर होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या.

मग इतर कंपन्याही उतरल्या. डॉज चार्जर, शेव्हरले शेव्हेल एसएस, प्लिमथ रोड रनर या गाड्या त्या काळातल्या. फोर्ड मस्टँग आणि शेव्हरले कॅमारो आकाराने लहान असल्या, तरी त्यांच्या जोरदार आवृत्त्या याच गटात गणल्या जातात. हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते वाढले. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांचा दाब कमी करावा लागला आणि ऑक्टोबर १९७३च्या तेलसंकटाने उरलेली मागणीही ओसरली. थोड्या वर्षांचे उत्पादन आणि त्यातही काही आवृत्त्यांची अगदी मोजकी संख्या, ही आजच्या किमतींची मुख्य कारणे आहेत. १९६९च्या कॅमारो झेडएल-१ या आवृत्तीच्या ६९ गाड्या निघाल्या, तर १९७१च्या प्लिमथ हेमी कुडाच्या उघड्या टपाच्या गाड्या जेमतेम ११.

भारतात या गाड्या विरळ आहेत. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे शेव्हरले गाड्यांची जुळणी केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डी सोटो आणि प्लिमथ गाड्या बांधल्या. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४मध्ये भारतातील काम आवरले आणि पुढे आयातीवर कडक निर्बंध राहिले. त्यामुळे खानदेशासारख्या भागात जुनी अमेरिकी गाडी आढळलीच, तर ती बहुधा १९५५पूर्वीची शेव्हरले, ब्यूक, डॉज किंवा विलीज जीप असते. मसल कार प्रामुख्याने परदेशी वकिलातींच्या गाड्यांच्या विक्रीतून आल्या. कायदा आणि कर यांविषयी पुढे येणारे नियम या सर्व जुन्या गाड्यांना सारखेच लागू आहेत.

अस्सलपणाची पारख

दानाआधीची पहिली पायरी गाडी ओळखण्याची. मसल कारच्या किमतीत सर्वांत मोठा फरक ‘जुळते नंबर’ असण्या-नसण्याने पडतो. कारखान्यात बसवलेले मूळ इंजिन आजही त्याच चासीवर आहे, हे इंजिनावरील ठशांवरून आणि कागदांवरून सिद्ध झाले, तर गाडीला संग्राहकांची किंमत येते. इंजिन नंतर बदललेले असेल, तर बाहेरून हुबेहूब दिसणारी गाडीही पुष्कळ खाली उतरते.

नकली गाड्यांचा धोका मोठा आहे, कारण अनेक जोरदार आवृत्त्या साध्या गाडीचेच पर्याय होते. १९६४ आणि १९६५ची जीटीओ ही लमान्सचा पर्याय असल्यामुळे चासी नंबरावरून ओळखता येत नाही. १९६६मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिचा नंबर २४२ने सुरू होऊ लागला. पहिल्या दोन वर्षांच्या गाडीसाठी कारखान्याची कागदपत्रेच पुरावा ठरतात. पाँटियाकसाठी पीएचएस या सेवेकडून मूळ बिलाच्या नोंदी मिळतात, फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो, तर क्रायस्लरच्या गाड्यांत मडगार्डजवळच्या पट्टीवर गाडीचा तपशील कोरलेला असतो. गाडीबरोबर ही कागदपत्रे दिली नाहीत, तर संस्थेला ती कमी किमतीत विकावी लागते. जुनी बिले, पहिल्या मालकाची पत्रे, दुरुस्तीच्या पावत्या, सुट्या भागांची खोकी हेही सारे गाडीबरोबर जायला हवे.

रंग आणि आतील सजावट नवी करून गाडी दान करावी, असे अनेकांना वाटते. ते बहुधा नुकसानीचे ठरते. मूळ रंग उडालेली पण हात न लागलेली गाडी संग्राहकांना अधिक मोलाची वाटते आणि नव्या रंगावर केलेला खर्च विक्रीत क्वचितच भरून येतो.

अमेरिकेतील पद्धत

मोटारीचे दान ही अमेरिकेत रुळलेली प्रथा आहे. २००४पर्यंत दात्याने स्वतःच बाजारभाव ठरवावा आणि तेवढी वजावट करपात्र उत्पन्नातून घ्यावी, अशी पद्धत होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३मध्ये अशा ५४ दानांचा माग काढला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी रक्कम संस्थेपर्यंत पोहोचली होती. बाकीचे मूल्य कागदावर फुगवलेले होते, किंवा गाड्या गोळा करून विकणाऱ्या मध्यस्थांच्या खर्चात गेले होते.

त्यानंतर कायदा बदलला. २००५पासून ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल, तर संस्थेने गाडी ज्या किमतीला विकली तेवढीच वजावट मिळते. संस्था दात्याला १०९८-सी या नमुन्यात विक्रीची रक्कम कळवते. अपवाद तीन आहेत. संस्थेने गाडी आपल्या कामात खरोखर वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली, किंवा गरजू व्यक्तीला अत्यल्प किमतीत दिली, तर बाजारभाव धरता येतो. मात्र बाजारभावाने ५,००० डॉलरहून अधिक वजावट मागताना पात्र मूल्यनिर्धारकाचा अहवाल जोडावा लागतो.

संग्राहकांच्या गाडीला आणखी एक नियम लागतो. कमी किमतीत घेतलेल्या गाडीचे मूल्य वाढले असेल आणि ती घेणाऱ्या संस्थेच्या कामाशी गाडीचा संबंध नसेल, तर वजावट खरेदीच्या किमतीपुरती मर्यादित होते. मोटारींच्या संग्रहालयाने ती प्रदर्शनासाठी ठेवली, तर हा संबंध सिद्ध होतो. वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा येथे २०१२मध्ये उघडलेले लेमे संग्रहालय अशाच दानातून उभे राहिले. हॅरल्ड लेमे यांनी तीन हजारांहून अधिक गाड्या जमवल्या होत्या.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न नेहमी पडतो : तिथली गाडी देऊन इथल्या संस्थेला मदत करता येईल का? भारतातील संस्थेला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेत करवजावट मिळत नाही. तिथल्या ५०१(सी)(३) मान्यतेच्या संस्थेला दान द्यावे लागते. १९७८मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र फाउंडेशन अशा प्रकारचे काम करते. ते अमेरिकेत निधी जमवते आणि महाराष्ट्रातील संस्थांना पाठबळ देते. गाडी विकून पैसा अशा संस्थेला देणे हा या कुटुंबांसाठी सर्वांत सरळ मार्ग आहे. दाता अमेरिकी नागरिक झाला असेल आणि पैसा थेट भारतातील संस्थेला पाठवायचा असेल, तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० लागू होतो. त्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच असा पैसा घेऊ शकते, आणि तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यात.

लिलावातून होणारे दान

गाडी संस्थेला देऊन तिने ती पुढे विकण्यापेक्षा जाहीर धर्मादाय लिलाव अनेकदा अधिक रक्कम मिळवून देतो, कारण बोली लावणारा खरेदीदारही दानात सामील होतो. जानेवारी २०१९मध्ये बॅरेट-जॅक्सन या लिलाव कंपनीच्या लिलावात नव्या मस्टँग शेल्बी जीटी-५००च्या पहिल्या गाडीला ११ लाख डॉलर मिळाले. ते मधुमेहावरील संशोधनाला गेले. पुढच्या वर्षी नव्या कॉर्व्हेटच्या पहिल्या गाडीला ३० लाख डॉलर आले आणि ते डेट्रॉइट चिल्ड्रन्स फंडला मिळाले. त्या कॉर्व्हेटची सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत होती.

महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण २०२०चे आहे. महिंद्र कंपनीचे मोटारींचे काम १९४७मध्ये मुंबईत अमेरिकी विलीज जीपच्या जुळणीने सुरू झाले. त्याच घराण्यातील नवी थार नाशिकच्या कारखान्यात बनते. तिच्या पहिल्या गाडीचा सप्टेंबर २०२०मध्ये ऑनलाइन लिलाव झाला. बोली १ कोटी ११ लाख रुपयांवर थांबली, कंपनीने तेवढीच रक्कम आपल्याकडून घातली आणि सारी रक्कम रायगड जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम करणाऱ्या स्वदेस फाउंडेशनला देण्यात आली. त्या गाडीची बाजारातील सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार रुपये होती. बोलीतील त्यावरची सारी रक्कम बोली लावणाऱ्याच्या दानबुद्धीतून आली.

अमेरिकेत मस्टँग किंवा कॉर्व्हेटची सोडत काढून तिकिटे विकण्याचीही प्रथा आहे. ती इथे उचलू नये. महाराष्ट्रात सरकारी परवानगीवाचून सोडत काढणे गुन्हा ठरू शकते, मग पैसा कितीही चांगल्या कामाला जाणार असो.

नोंदणी आणि हस्तांतरण

भारतात जुन्या गाडीच्या नोंदणीसाठी जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए ते ८१-जी हे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. १९६४ची जीटीओ २०१४मध्ये पन्नास वर्षांची झाली, १९७४ची गाडी २०२४मध्ये. म्हणजे मसल कारचा जवळजवळ सारा काळ आता या व्याख्येत बसतो. अडचण मूळ स्वरूपाची येते. इंजिन बदलून अधिक ताकदीचे बसवणे ही या गाड्यांच्या शौकिनांची जुनी सवय असल्यामुळे अनेक गाड्या या अटीत बसत नाहीत.

नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते. नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. नव्याने नोंदलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. आधीच नोंदणी असेल, तर जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. व्यापारी वापराला पूर्ण बंदी आहे. त्यामुळे लग्नाच्या वरातीला किंवा चित्रीकरणाला गाडी भाड्याने देऊन संस्थेने उत्पन्न मिळवावे, ही कल्पना व्हिंटेज नोंदणीत बसत नाही. विक्री झाली, तर दोन्ही पक्षांनी ९० दिवसांत राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचे असते.

साध्या नोंदणीतील गाडीचे हस्तांतरण मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५०प्रमाणे होते. गाडी त्याच राज्यात राहणार असेल, तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म २९ व ३० भरून कळवायचे. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर फॉर्म २८वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. दान केले म्हणून या पायऱ्या टळत नाहीत. आरसी बुकात नाव बदलले नाही, तर पुढील अपघाताची आणि दंडाची जबाबदारी जुन्या मालकाकडे येऊ शकते.

करांचा हिशोब

१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पुढील क्रमांक सर्वांच्या परिचयाच्या १९६१च्या कायद्यातील आहेत.

कलम ८०-जी खालील वजावट पैशाच्या रूपातील दानालाच मिळते. गाडी, धान्य, कपडे किंवा औषधे दिली, तर ती मिळत नाही. पैसा दिला तरी रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेला वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्या व्यक्तीला ८०-जीचा लाभच नाही. सामान्य धर्मादाय संस्थेच्या बाबतीत ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत मोजलेल्या दानावर.

यावरून गाडी विकून पैसा देणेच नेहमी फायद्याचे, असा निष्कर्ष निघत नाही. गाडी विकली की भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरील नफ्याला कर नाही, पण व्हिंटेज गाडी या व्याख्येत आपोआप बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९३१च्या फोर्ड टूररचे प्रकरण आले होते. १९८३मध्ये २० हजारांना घेतलेली ती गाडी पुढे २१ लाखांना विकली गेली. गाडी वैयक्तिक वापराजोगी असून भागत नाही, ती तशी वापरली गेल्याचा पुरावा लागतो, असे न्यायालयाने २०२५मध्ये ठरवले आणि नफा करपात्र धरला. गाडी दानात दिली, तर मात्र व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने केलेली भेट कलम ४७ प्रमाणे हस्तांतरण समजली जात नाही, आणि दात्यावर भांडवली नफ्याचा कर येत नाही.

समजा, २ लाखांना घेतलेली गाडी ४० लाखांना जाते आणि तिच्या वापराचा पुरावा नाही. विकल्यास ३८ लाखांच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्क्यांनी ४ लाख ७५ हजारांचा कर लागेल. दात्याचे इतर उत्पन्न ३० लाख असेल, तर दहा टक्क्यांची मर्यादा ३ लाखांवर येते, वजावट दीड लाख होते, आणि जुन्या करप्रणालीत ३० टक्के दराने वाचलेला कर ४५ हजार भरतो (उपकर आणि अधिभार सोडून). अशा दात्याने गाडीच संस्थेला द्यावी आणि संस्थेने ती विकावी, हे हिताचे. रकमेचा विनियोग नियमांप्रमाणे धर्मादाय कामासाठी केला, तर संस्थेला त्यावर कर नाही. गाडी नियमित वापरात होती आणि तसे विम्याचे, पेट्रोलचे, दुरुस्तीचे पुरावे आहेत, त्या दात्याने मात्र स्वतः विकून धनादेश द्यावा.

संस्थेची बाजू

गाडी स्वीकारणे ही संस्थेची जबाबदारी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेने आधी विश्वस्त मंडळाचा ठराव करावा, गाडीची नोंद मालमत्तेच्या पुस्तकात घ्यावी आणि ती लेखापरीक्षकापुढे ठेवावी. सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीतील नोंदींत बदल होत असेल, तर तो ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. दात्याचे नाव आणि पत्ता नोंदवलेच पाहिजेत, कारण निनावी दानावर वेगळा कर लागतो.

विक्री जाहीर पद्धतीने करावी : किमान दोन स्वतंत्र मूल्यांकने, वर्तमानपत्रात जाहिरात, मोहोरबंद निविदा किंवा उघड लिलाव. विश्वस्ताने किंवा त्याच्या नातेवाइकाने बाजारभावापेक्षा कमी किमतीत गाडी घेतली, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते आणि गावाचा विश्वासही जातो. हा दुसरा तोटा पैशाने भरून येत नाही.

विक्री होईपर्यंत गाडी सांभाळावी लागते. खानदेशात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेत रबरी नळ्या आणि दारांच्या पट्ट्या तडकतात, आणि कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचण्याआधीच पेट्रोलची वाफ होते. देशभर शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झाले. शिशावर अवलंबून असलेल्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची त्यामुळे झीज होते. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट खराब होतात. विमा, बंदिस्त जागा आणि जाणकार मेकॅनिक यांची सोय नसलेल्या संस्थेने गाडी नम्रपणे नाकारावी आणि दात्याला पैशाचा मार्ग सुचवावा.

दोंडाईचासारख्या गावातून दान करताना

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे लाल मिरचीच्या बाजारासाठी आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानकासाठी ओळखले जाणारे गाव आहे. येथील शाळा, दवाखाने, गोशाळा, वाचनालये यांच्यापैकी कुणालाही व्ही-८ इंजिनाची गाडी वापरता येणार नाही. अशा संस्थांना विक्रीची रक्कमच उपयोगी पडते. खरेदीदार मुंबई-पुण्याकडे असल्यामुळे विक्रीही तिथेच करावी. लहान गावात घाईने काढलेल्या लिलावात गाडी भंगाराच्या जवळच्या भावाने जाते.

जपणुकीसाठी द्यायची असेल, तर संग्रहालय नीट निवडावे. वस्तूंचे दान सांभाळण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून कागदपत्रे आणि पुरावस्तू जपते आहे, आणि पुण्यात दिनकर केळकर यांनी आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. पण मोटार जपायला वेगळी जागा आणि वेगळे कौशल्य लागते. ते हरियाणातील तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमसारख्या वाहनांच्या संग्रहालयाकडे असते. तिसरा पर्याय शिक्षणाचा आहे. चालू नसलेली किंवा नंबर न जुळणारी गाडी संग्राहकाला कमी मोलाची असली, तरी धुळे-शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना किंवा आयटीआयला कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि पुशरॉडचे इंजिन उघडून शिकवायला ती उत्तम आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी चासी आणि इंजिनाचे नंबर तपासून कागदपत्रे गोळा करावीत. दोन मूल्यांकने घ्यावीत. गाडी वैयक्तिक वापराची ठरते की नाही, हे सनदी लेखापालाला विचारावे आणि त्यावरून गाडी द्यायची की पैसा हे ठरवावे. संस्थेची करसवलतीसाठीची १२-एबी नोंदणी आणि ८०-जी मान्यता पाहावी. देणगी पैशाची असेल, तर संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०-बीडी भरल्यावर मिळणारे १०-बीई प्रमाणपत्र घ्यावे. गाडीच द्यायची असेल, तर दानपत्रात हेतू स्पष्ट लिहावा : विकण्यासाठी, जपण्यासाठी की शिकवण्यासाठी. विकण्यासाठी असेल, तर रक्कम कोणत्या कामाला जाईल हेही त्यात नोंदवावे. त्यानंतर धुळ्याच्या परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्यावे, विमा संस्थेच्या नावे करावा आणि नव्या आरसीची प्रत दात्याने आपल्याकडे ठेवावी. नाव बदलले आणि संस्थेच्या वार्षिक हिशोबात विक्रीची रक्कम दिसली, म्हणजे दान पूर्ण झाले.